तोच रेणू, मामा

भोईरमामा,

तुमच्या फोटोला तुमच्या सुनेने, सुगंधाने, प्लास्टिकच्या फुलांचा हार घातलाय. तुम्हाला तो बिलकूल आवडला नसता. "फुला नसतील तर नको घालू, पन खोटा कशाला?" असं म्हणून तुम्ही तो स्वतःच काढून खुंटीला लावला असता. काल तुमच्या बाराव्याला फोटोसमोर बसले होते तेव्हा माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. माणूस गेल्यावर काय वाट्टेल ते मनात येतं, आणि जे यायला हवं ते येतच नाही.

म्हणून आज लिहायला बसलेय. तुम्ही कल्याणच्या आपल्या कॉलेजात नोकरीला कधी लागलात, निवृत्त कधी झालात, मागे कोण कोण आहे, हे सगळं शोकसभेत प्राचार्यांनी कागदावरून वाचून दाखवलं. एकदा तर तुमचं नावही चुकवलं. ते मी परत सांगत बसणार नाही. मला तुमच्याशी एका फोनबद्दल बोलायचंय. गेली दोन वर्षं बोलायचंय. पण माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, वर्गात शिरल्याबरोबर मुद्द्यावर येणं मला कधी जमलं नाही. तेव्हा अंड्यांपासून सुरू करते.

मी नवीन लागले होते. डोंबिवलीची, नवी कोरी एम.एस्सी., डोक्यात ही एवढी हवा. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे मदतनीस तुम्ही. कॉलेजात सगळ्याच शिपायांना मामा म्हणायची पद्धत, पण नुसती "मामा!" अशी हाक आली की ती तुम्हालाच, हे पहिल्या दिवशी कळलं. मुलांना कोंबडीच्या अंड्यातला गर्भ दाखवायचा होता. मी काय करावं? स्टेशनजवळच्या दुकानातून अंड्यांचा अख्खा ट्रे आणला आणि दिमाखात उबवणीच्या यंत्रात ठेवून दिला. तीन दिवसांनी भरल्या वर्गासमोर पहिलं अंडं उघडलं. पांढरं आणि पिवळा बलक. दुसरं उघडलं, तेच. तिसऱ्याला मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मॅडम, कांदा-मिरची आणू का?" आणि वर्गात जो हशा पिकला म्हणता!

तेव्हा तुम्ही पुढे आलात. अगदी शांतपणे म्हणालात, "मशीन बंद होती रे पोरांनो. कालचे दिवशी मीच बटन बंद करून गेलू." विभागप्रमुखांनी तुम्हाला बोलावून झाप झाप झापलं. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. मुलं गेल्यावर लॅबचं दार लोटलंत आणि मला म्हणालात, "बाय, दुकानाचे अंड्यान कोंबडा नसतो."

कप्पाळ माझं! पोल्ट्रीतल्या कोंबड्या कोंबड्याविनाच अंडी देतात, त्यांतून पिल्लू कुठून येणार, हे प्रथम श्रेणीतल्या एम.एस्सी.बाईंना सुचलं नव्हतं. पुढच्या सोमवारी तुम्ही शहाडपलीकडच्या तुमच्या गावाहून घरच्या कोंबड्यांची बारा अंडी घेऊन आलात, डब्यात भाताच्या तुसात पुरून. ती दोन दिवस उबवली. मग एकेक अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरलंत, उजवा डोळा मिटून डाव्या डोळ्याने पाहिलंत, आणि जे भरलंय त्यावर पेन्सिलीने बारीकशी फुली मारलीत. इतक्या वर्षांत तुमची फुली चुकलेली मला आठवत नाही.

‘बाय’ तुमच्याकडे लेकीला म्हणतात, हे मला नंतर कळलं. चारचौघांत मॅडम आणि दार लोटलं की बाय, ही वाटणी तुम्हीच केलीत आणि शेवटपर्यंत, म्हणजे जवळजवळ शेवटपर्यंत, पाळलीत.

अंड्याला खिडकी पाडायलाही मी तुमच्याकडूनच शिकले. अंडं आडवं ठेवायचं, सुईने थोडं पांढरं ओढून घ्यायचं म्हणजे गर्भ कवचापासून जरा खाली बसतो, वरून चिकटपट्टी लावायची आणि छोट्या कात्रीने गोल कापायचं. आत टिंबाएवढं हृदय उडत असतं आणि त्याच्याभोवती लाल रेषांचं जाळं पसरत चाललेलं असतं. दर वर्षी मी ते पाहिलं आणि दर वर्षी माझा श्वास अडकला. तुम्ही मुलांना एकच प्रश्न टाकायचात, "या रक्ताला वाट कोन दाखवते?" मग मी खडू उचलायचे.

पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या एक रेणू बाहेर सोडतात. व्हीईजीएफ त्याचं नाव. तो जवळच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचला की तिच्या भिंतीतली एखादी पेशी त्याच्या दिशेने बारीक बोटं काढते आणि सरकू लागते. मागून बाकीच्या पेशी रांगेने येतात आणि नवी नळी तयार होते. पण ती कोवळी असते, गळकी असते. मग दुसरे रेणू आधाराच्या पेशींना बोलावतात, त्या नळीला बाहेरून घट्ट बिलगतात, तेव्हा कुठे ती पक्की होते. मी हे सांगायचे तेव्हा तुम्ही मागे उभे राहून काचपट्ट्या पुसत असायचात. एकदा मुलं गेल्यावर म्हणालात, "म्हंजे हाक मारनारा एक, आन् घर उभा करनारा दुसरा." पुढच्या वर्षीपासून माझ्या शिकवण्यात ते वाक्य आलं. कुणाचं आहे ते मात्र मी मुलांना कधी सांगितलं नाही. बघा, माझी लपवाछपवी तेव्हापासूनच.

मग तुम्ही निवृत्त झालात, आणि साखर तर त्याआधीच मागे लागलेली. एक दिवस तुम्ही सांगितलंत की डाव्या डोळ्याने पाहिलं की अंड्यावर जाळी दिसते. मी तुम्हाला ठाण्याला, नौपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर भले होते, पण भरभर बोलणारे. बाहेर पडून स्टेशनकडे चालत निघालो तेव्हा तुम्ही विचारलंत, "बाय, आता तू सांग. मराठीत."

मी सांगितलं. साखरेमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बुजल्या. पडदा उपाशी राहिला. उपाशी पडद्याने हाक मारली, तीच, अंड्यातली. नव्या वाहिन्या धावत आल्या, पण आधाराच्या पेशी साखरेने आधीच मारून टाकलेल्या. त्यामुळे या नुसत्याच वाढतात, पाझरतात, एखाद्या दिवशी फुटतात. डोळ्यात जे इंजेक्शन देतात ते त्या रेणूला धरून ठेवतं. म्हणजे हाकच बंद.

तुम्ही भर रस्त्यात थांबलात. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, तुमचं लक्षच नाही. "म्हंजे डोल्यान अनधिकृत बांधकाम!" म्हणालात आणि हसायला लागलात. "आमचे गावचे सारखा. जागा दिसली का चार माले चढवले. ना जोता, ना पिलर. आन् हा इंजेक्शन म्हंजे पालिकेची नोटीस."

"नोटिशीपेक्षा बरं आहे हो," मी म्हटलं. "यानं बांधकाम खरंच पडतं. फक्त महिन्या-दीड महिन्याने असर उतरतो, म्हणून परत परत घ्यायचं."

"मंग नोटीसच ती."

किती हसलो आपण! त्यानंतर दर महिन्याला तुमच्या डोळ्यावर पट्टी, माझ्या हातात तुमची फाईल, आणि नौपाड्यात एका कोपऱ्यावर उभ्याने बिनसाखरेचा चहा. "याला चहा नको बोलू बाय, उकललेला पानी बोल," असं दर वेळी. लोक मला म्हणायचे, केवढं करतेस त्यांच्यासाठी. खरं सांगू? मला तो दिवस हवासा वाटायचा. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. कुणाचा हात धरून रस्ता ओलांडायचं सुख मला त्या वयात पहिल्यांदा मिळत होतं.

आता फोन.

दुपारची वेळ होती. तुम्ही विचारलंत, "बाय, एक विचारू? अंड्यान जो हाक मारतो, डोल्यान जो हाक मारतो, तोच जखमेन पन हाक मारतो काय? जखम भरताना?"

मला काय आनंद झाला! वर्गातल्या एकाही मुलाने इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारला नव्हता. मी जवळजवळ ओरडलेच, "हो मामा, तोच! अगदी तोच रेणू! शंभरपैकी शंभर तुम्हाला!" आणि लगेच म्हटलं, "मामा, मी पेपर तपासतेय, नंतर बोलू या का?" तुम्ही म्हणालात, "हां हां, तू काम कर." फोन ठेवला. नंतर मी केला नाही.

जखम कुणाची, हे मी विचारलं नाही. मास्तरकीची खोड ही, मामा. उत्तर बरोबर आलं की आम्ही खूण करतो आणि पुढे जातो. प्रश्न कुठून आला ते आम्ही बघतच नाही.

जखम तुमच्या पायाला होती. अंगणातल्या पत्र्याची लागलेली, आणि साखरेमुळे चिघळत चाललेली. तुमच्या थोरल्या भावाचा पाय अशाच जखमेपायी गुडघ्याखाली कापावा लागला होता. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. मग तुम्ही बसून हिशेब मांडलात. पायाला हाक हवी. डोळ्याचं इंजेक्शन हाक बंद करतं. रेणू तोच, असं बायने सांगितलंय. तेव्हा पाय भरेपर्यंत डोळ्याला जरा कळ काढू दे. तुम्ही दोन इंजेक्शनं चुकवलीत. मला एकदा सांगितलंत ताप आहे, एकदा सांगितलंत गावात लग्न आहे. आणि मी ऐकलं, कारण तुम्ही खोटं बोलाल असं माझ्या मनातही आलं नाही.

मग एका सकाळी सुगंधाचा फोन, आप्पांच्या डोळ्यात शाई सांडल्यासारखं झालंय.

नौपाड्यातल्या त्या खोलीत आपण चौघं होतो. डॉक्टर, तुम्ही, सुगंधा आणि मी. आत रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन करून बघू म्हणाले, पण चेहऱ्यावरून मला कळलं की डावा डोळा गेला. डॉक्टरांनी विचारलं, "दोन महिने आलात का नाही?" तुम्ही सांगितलंत, "पायाला जखम होती. हाक बंद केली तर पाय भरल कसा?" डॉक्टर चक्रावले. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तक्रार नव्हती त्या बघण्यात. बॅटरीसमोर अंडं धरल्यावर बघायचात तसं, थांबून.

आणि मला तो फोन आठवला. शब्दन् शब्द आठवला. हे मी कालपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, की मला तेव्हाच, तिथेच आठवला होता. मी काय म्हणाले?

"मामा, तुम्ही लॅबमध्ये काचा धुतल्यात. डॉक्टरकी नाही केलीत."

तुम्ही म्हणालात, "हां मॅडम." मग डॉक्टरांकडे वळून, "कोनी नाय सांगला साहेब. मीच आपला."

त्या दिवसापासून ‘बाय’ बंद. दार उघडं असो की लोटलेलं, मॅडम. मी तुमच्या घरी यायचे, तुम्ही खुर्ची पुसून द्यायचात, सुगंधाला चहा ठेवायला सांगायचात, कॉलेजची चौकशी करायचात. सगळं होतं, तो एक शब्द नव्हता. तुमच्यावर रागावायचीही मला सोय ठेवली नव्हतीत.

आपला वाद मात्र दोन वर्षं चालला. तुम्ही लुंगी जराशी वर करून पाय दाखवायचात. "बघा मॅडम, भरला का नाय?" मी म्हणायचे, "तो भरणारच होता. ड्रेसिंग केलं, साखर ताब्यात आणली म्हणून भरला." "कशावरून?" "अहो, कशावरून काय?" "आमी थांबलो म्हनून भरला नसल कशावरून?" आणि मग मी चिडायचे, आणि तुम्ही उजव्या डोळ्याने बारीक हसायचात. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर नव्हतं. तेच अंडं दोनदा उबवता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलेलं. आपण दोघं त्या पायाभोवती फिरत राहिलो आणि फोनपर्यंत कोणीच गेलं नाही. तुम्ही वाद तिथवर नेला नाहीत, आणि माझी छाती झाली नाही.

तुम्ही गेल्याचं कळलं, त्यानंतर चार दिवसांनी मी एकटीच नौपाड्यात गेले. हातात फाईल नव्हती त्यामुळे काय करावं कळेना, पर्स घट्ट धरून बसले. नंबर आल्यावर डॉक्टरांना तुमचा प्रश्न विचारला, जसा विचारायला हवा होता तसा, की डोळ्यात हे इंजेक्शन घेणाऱ्याच्या पायाला जखम असेल तर काय करायचं? डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, प्रश्न मुळीच वेडगळ नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर आम्हीही थांबून विचार करतो. पण डोळ्यात दिलेलं औषध इतकं थोडं असतं की पायापर्यंत फारसं पोचत नाही. पाय बहुतेक भरलाच असता, आणि डोळाही राहिला असता.

मग म्हणाले, "त्यांनी विचारायला हवं होतं हो. पाच मिनिटांचं काम होतं."

"विचारलं होतं त्यांनी," मी म्हटलं. "मला."

त्या फोनबद्दल मी मोठ्याने बोललेलं पहिलं वाक्य ते. बाहेर येऊन त्या कोपऱ्यावर बिनसाखरेचा चहा घेतला. खरंच उकळलेलं पाणी आहे हो ते, मामा. तिथेच उभी राहून रडले. चहावाल्याने विचारलं, "बाबा नाय आले आज?" मी कशीतरी मान हलवली.

हल्ली वर्गात कुणी प्रश्न विचारला की मी आधी विचारते, "का रे, का विचारतोयस?" मुलं बावचळतात. परवा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आईच्या डोळ्यात इंजेक्शन द्यायला सांगितलंय." तास संपल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि तिचं सगळं बोलून होईपर्यंत उठले नाही. तुम्हाला कळावं म्हणून सांगतेय. याने काही फिटलं असं मी म्हणत नाही.

काल जेवणं उरकल्यावर सुगंधा मागच्या अंगणात भांडी लावत होती. कोंबड्या पायांत येत होत्या. मी तिला म्हटलं, तुला एक सांगायचंय. आणि सगळं सांगून टाकलं. फोन, मी काय उत्तर दिलं, दवाखान्यात मला काय आठवलं आणि मी काय बोलले. वाटलं, आता ही मला उठवून बाहेर काढेल. काढावंच तिने.

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मना म्हाईत हाय मॅडम," ती म्हणाली. "फोन स्पीकरवर होता. आप्पांना ऐकायला कमी येवाचा ना. मी तथंच भाकऱ्या थापीत होती."

पायांत आलेली कोंबडी मी उगीचच बाजूला सारली.

"दवाखान्यानशी घरा आलो तवा मी लय चिडली. आप्पांना बोलली, त्यांनीच सांगला ना तुमाला, मंग गप का बसलाव? तर माझेवरच वरडले. बोलले, 'बायला कायपन बोलायचा नाय. तिला तवा पेपर होते.'"

बाय. तुमच्या घरात मी बायच होते, मामा. दोन वर्षं, रोज. फक्त माझ्या तोंडावर नव्हते.

सुगंधाने मला निघताना पाच अंडी दिली, तुसात पुरून. ती त्यांच्यावर फुल्या आहेत का बघत होती, मग तिचं तिलाच आठवलं, की आता फुली मारणारं कोणी नाही.

आता जे उरलंय ते सुगंधालाही मी सांगितलेलं नाही. काल ते माझ्या तोंडाशी आलं आणि परत गेलं, म्हणून इथे लिहितेय. त्या दुपारी कॉलेजला सुट्टी होती. शेजारच्या वहिनींकडे साड्यावाली आली होती आणि मी एका पिवळ्या साडीचा पदर हातावर घेऊन उजेडात बघत होते. तुमचा फोन लवकर ठेवायचा होता म्हणून तोंडाला आलं ते बोलले. तुम्ही ते खरं धरलंत आणि मला त्याच्याआड ठेवलंत, त्या पहिल्या वर्षी मशीनचं बटण स्वतःवर घेतलंत तसं.

पेपर नव्हते, मामा.